मागच्या न्हाणीतलं गरम पाणी

नीलमला चोर पहिल्यांदा मी म्हटलं. माझ्या मुलानं, नितेशनं, ते नंतर मोठ्यानं म्हटलं, एवढाच फरक.

नीलम आमच्या माडीवरच्या खोलीत राहते. दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, बाळंतपणाच्या वॉर्डात. गाव तिचं चांदूर बाजारकडचं. गेल्या आषाढात ती खोली शोधत आमच्या दारी आली, तेव्हा तिच्या पायांवर पोटऱ्यांपर्यंत चिखल उडालेला होता. त्या दिवशी ती किती दारं हिंडली होती ते तिनं सांगितलं नाही. नाव सांगितलं की लोक आडनाव विचारत आणि आडनाव कळलं की खोली कालच दिलेली असे. खोटं कशाला लिहू, माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. पण नितेशचे बाबा, म्हणजे आमच्या घरचे रामराव, खाटेवरूनच बोलले.

"भाडं देशीन ना वेळेवर?"

"देईन."

"मंग वरते जा. तिसरी पायरी हालते, जपून."

एवढ्यात ठरलं. विजेचं काही वेगळं ठरलं नाही. घराला मीटर एक, भाड्यात वीज धरलेली.

आता गिझरचं सांगते. आमच्या घराला दोन न्हाण्या आहेत. पुढची पक्की, फरशीची. मागची अंगणाच्या टोकाला, टिनाच्या छताची. ती मागची न्हाणी नितेशच्या बाबांची. संधिवातानं त्यांचे गुडघे आणि मनगटं धरली होती. गरम पाण्याशिवाय त्यांचा हात तांब्यापर्यंत जात नसे. नितेशनं अकोल्याहून एक जुना गिझर आणून तिथं बसवला. गोल, पिंपासारखा, पंचवीस लिटरचा. त्याच्या पोटाशी बोराएवढी लाल बत्ती होती.

"बटन बंद करू नका," ते सांगून ठेवत. "मले केव्हाही पानी लागते. तुमाले हाका मारत बसू काय?"

म्हणून ते बटन कधी बंद झालं नाही. त्यांच्यामुळं बिल फुगतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मार्गशीर्षात ते गेले. त्या सकाळी बायकांनी अंगणात तीन दगड मांडले, तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या पेटवल्या आणि त्यांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी मडक्यात तापवलं. ते पाणी बाहेरच्या विस्तवावरच तापवतात, घरातलं चालत नाही. धूर माझ्या डोळ्यांत जात होता हे मला आठवतं. तेरवी झाली. मग नितेशनं त्यांची खाट उचलली, मागच्या न्हाणीत नेऊन भिंतीला उभी केली, पुढं लग्नातली मोठी पातेली रचली आणि दाराला कडी घातली. त्या दारावरून कपडे वाळत घालायला मी रोज जात होते. कडी मात्र काढली नाही.

पौषातलं बिल आलं तेव्हा नितेश म्हणाला, "आई, आता उतरन बरं बिल. बाबांचं गिझर गेलं."

बिल उतरलं, पण थोडंसं. नव्वदेक युनिट कमी व्हायला हवेत असा त्याचा अंदाज होता, कमी झाले तीस. माघात तेच. फाल्गुनात तेच. बिलाच्या मागं मागच्या महिन्यांचे काळे खांब छापलेले असतात, ते तो बोटानं मोजून बघे. बंडू वायरमनला बोलावलं. त्यानं मीटर तपासून सांगितलं की मीटर बरोबर आहे, घरातच कोणी तरी वीज खाऊन राहिलं.

आणि मी, स्वयंपाकघरात सुनेला, प्राजक्ताला म्हटलं, "थंडीत सकाळी नीलमच्या खिडकीतून वाफ निघे. रॉड लावत असन पान्यात."

मी वाफ पाहिली होती. रॉड पाहिला नव्हता. प्राजक्तानं ते नितेशला सांगितलं. सांगताना ‘असन’ गळून गेलं.

नितेश तसा सरळ मुलगा आहे. त्यानं आधी मागची न्हाणी उघडून पाहिली. दारातूनच मान आत घातली आणि परत येऊन म्हणाला, "ते त बंदच हाय. बत्ती नाही लागली त्याची." मग घरात खाणारं एकच माणूस उरलं.

वैशाखातली सकाळ होती. नीलम ड्यूटीला निघाली होती. शेजारच्या ओट्यावर गंगूबाई खाटेवर कुरडया वाळत घालत होती. मी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते.

नितेशनं विचारलं, "नीलम, वरते रॉड-बिड लावते काय तू?"

"रॉड? नाही दादा. मी गॅसवर ठेवते पानी. पाहून घ्या वर जाऊन."

"मंग साठ युनिट कोन खाते महिन्याले? भूत?"

"भूत खाते का देव खाते मले काय माहीत? मी बारा-बारा घंटे दवाखान्यात असते."

"चोर कधी सांगते काय मी चोर हाय म्हणून!"

गंगूबाईचा कुरडईचा हात वरच्या वर थांबला.

नीलम पायरीवर उभी होती. पांढऱ्या साडीचा पदर तिनं कमरेला खोचला, तो आधीच खोचलेला होता तरी. "दादा, आज माह्या हातानं दोन लेकरं जन्माले येनार हायेत," ती म्हणाली. "त्यायची माय मले विचारत नाही तू कोन म्हणून. अन् तुमी ओट्यावर उभे राहून चोर म्हणता."

"महिनाअखेर खोली खाली करजो," नितेश म्हणाला आणि आत गेला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तांदळात खडा शोधत होते. खडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्यापाशी आली. हातात पिशवी, दुसऱ्या हातात खोलीची चावी.

"आजी, मी दोन दिवस गावाले चालली. वरचं मेन बटन पाडून ठेवलं. हे घ्या चावी. खोली तपासा, बिछाना झाडून पाहा."

"मी काहून तपासू, बाई?"

"तुमी नाही तर कोन? अन् मीटर पाहा. आकडे शिकवले ना तुमाले? मंग वाचा."

ती वाकून पायाही पडली नाही, तशीच गेली. चावी माझ्या हातात राहिली.

आकड्यांचं ती खरं बोलली होती. मला अक्षर आलं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी, गावातल्या प्रौढांच्या वर्गात, आणि आकडे आले ते मराठी. रक्तदाबाच्या गोळ्यांवर इंग्रजी आकडे असतात. नीलमनं मागच्या भाद्रपदात गोळ्यांच्या पाकिटावरच मला ते शिकवले. तारखेतला नऊ चुकला की माझ्या बोटावर टिचकी मारायची. "आजी, हा नऊ हाय. तुमी जुनी गोळी खाऊन मराल अन् नाव माह्यं होईन." तिचं बोलणं असं. लाडाचं नाही, पण बोट धरून ठेवणारं.

त्याच दिवशी नितेश आणि प्राजक्ता लग्नाला अकोटला गेले, उद्या येऊ म्हणून. माझे गुडघे एसटी चढत नाहीत. मी घरी एकटी राहिले.

दहा वाजता मी घरातली सगळी बटनं बंद केली. पंखे, टीव्ही, बोअरची मोटर. फ्रीजमधलं दूध काढून तापवून ठेवलं आणि फ्रीजचीही पिन काढली. घर एकदम गप्प झालं. फ्रीज इतका आवाज करतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मग पुढच्या व्हरांड्यात मीटरखाली पाट टाकला, ओला पंचा डोक्यावर घेतला आणि बसले.

मीटरवर एक बारीक लाल दिवा आहे. वीज वापरली की तो लुकलुकतो. जास्त वापरली की भराभर, कमी वापरली की सावकाश. बंडूनं सांगितलं होतं. आता तो दिवा विझलेला होता. आकडे मी वाचले. एकेक, बोट ठेवून. ते हलत नव्हते.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. झळा अंगणातून उठत आणि कुंपणावरची जुनी बोरी त्यांच्यात पाण्यात बुडाल्यासारखी दिसे. अकरा वाजले. दिवा विझलेलाच. मी मनात म्हटलं, ठरलं तर. नीलम नाही आणि वीजही जात नाही. म्हणजे ती होती तेव्हाच जात होती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

साडेबाराच्या सुमाराला माझी मान पेंगून खाली गेली आणि वर आली, तेव्हा दिवा लुकलुकत होता.

सावकाश नाही. भराभर. कबुतराच्या छातीसारखा. घरात मी एकटी, माझे दोन्ही हात मांडीवर, आणि कोणी तरी या घरात वीज ओढून घेत होतं, दमदार, भुकेल्या माणसासारखं. "भूत?" असं नितेश चिडून म्हणाला होता, ते मला आठवलं आणि मी हसले नाही.

मी भिंत धरत माडी चढले. तिसरी पायरी हलली. चावी लावून खोली उघडली. एक खाट, घडी केलेली चादर, दोन पांढऱ्या साड्या दोरीवर, एक लहान गॅस आणि त्यावर काळं पडलेलं पातेलं. पाणी तापवून तापवून काळं पडलेलं. मेन बटन खाली पाडलेलं. भिंतीवर तिच्या बाबासाहेबांचा फोटो, खाली सुकलेलं मोगऱ्याचं फूल. पंखा निपचित. त्या खोलीत एक मुंगीसुद्धा वीज वापरत नव्हती. मी बिछाना झाडला नाही. दार लावून खाली आले.

खाली आले तर दिवा विझलेला.

मी पाटावर बसले आणि पहिल्यांदा मला नीट भीती वाटली. चोरीची नाही. जे आलं होतं ते आपलं काम करून गेलं होतं आणि मी घरात असून मला त्याची चाहूल लागली नव्हती.

मी हलले नाही. जेवलेही नाही. एक वाजला, दोन वाजले, तीन. दिवा मेल्यासारखा. आम्ही चुलीची माणसं. चुलीला सरपण सारलं नाही तर ती विझते, फुंकर घातली नाही तर राख धरते. तिला आपण लागतो. मी जन्मभर हेच पाहिलं की विस्तव माणसाची वाट पाहतो. माणूस उठून गेलं की थोडा वेळ दम धरतो आणि मरतो. आणि इथं भिंतीच्या आत काही तरी होतं ज्याला कोणी सारत नव्हतं, कोणी फुंकत नव्हतं, आणि ते आपल्या वेळेला आपण उठत होतं.

साडेतीनला दिवा पुन्हा लागला.

या वेळी मी मीटरकडे पाहत बसले नाही. चपला न घालता उठले. भिंतीला कान लावत गेले, डॉक्टर छातीला लावतात तसा. देवघर, काही नाही. स्वयंपाकघर, काही नाही. पुढची न्हाणी, काही नाही. मागच्या दारातून अंगणात उतरले. फरशी तव्यासारखी तापली होती, तळपाय उचलत उचलत गेले. वाऱ्याची एक झुळूक आली आणि थांबली, आणि त्या थांबण्यात मला ऐकू आलं. बारीक. सुंऽऽ असं. मडक्यात पाणी आधणाला यायच्या आधी बोलतं, तसं.

मागच्या न्हाणीच्या दाराला मी कान लावला. पाणी आत बोलत होतं.

कडी गंजली होती. मी ती दगडानं ठोकून काढली. आत खाट उभी होती, त्यांच्या डोक्याच्या बाजूची पट्टी वर. पातेल्यांवर धूळ. कोळ्यानं छतापासून गिझरपर्यंत जाळं विणलं होतं, आणि गिझर अंधारात टांगलेला, मुका. बत्ती लागलेली नव्हती. नितेश म्हणाला ते खरं होतं. पण तो बोलत होता.

मी हात वर नेला आणि त्याच्या पोटाला लावला.

ऊब होती. उन्हाची नाही. उन्हाची ऊब वरवरची असते, ही आतून येत होती. गाभण गाईच्या पोटाला हात लावला की येते, तशी. मी हात काढला नाही. तेवढ्यात वर कुठं तरी ‘टक्’ झालं आणि बोलणं थांबलं. मी तशीच उभी राहिले. मग खाली वाकून नळ सोडला. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग कोमट, आणि मग असं कढत की हात मागं घ्यावा लागला. धूळ बसलेल्या मोरीत वाफ उठली. वैशाखात, बेचाळीस अंशात, वाफ.

सहा महिने. ते गेले त्या दिवशीही हे पाणी इथं तयार होतं. आम्ही अंगणात तीन दगडांवर धुरात पाणी तापवत होतो आणि दहा पावलांवर त्यांचं रोजचं पाणी, त्यांनी सांगून ठेवलं होतं तसं, तापून बसलं होतं. तेरवीच्या दिवशी तापलेलं होतं. संक्रांतीला, होळीला, मी त्या दारावरून ओल्या साड्या वाळत घालायला नेत होते तेव्हा. कोणी नेत नव्हतं. पाणी आपली ऊब हळूहळू हवेला देऊन टाकायचं, तो ती परत भरायचा. पुन्हा निवायचं, पुन्हा भरायचा. ना थेंब खाली पडत होता, ना कोणी आंघोळ करत होतं. साठ युनिट कोण खातं असं आम्ही विचारत होतो. कोणीच खात नव्हतं. ती ऊब नुसती टिनाच्या छतातून आभाळात जात होती, रोज, आणि तो तिला पुरून उरत होता.

नमस्कार करावा असं मला वाटलं. कोणाला ते कळेना, म्हणून केला नाही.

मग मी त्याची बत्ती जवळून पाहिली. बत्ती नव्हतीच तिथं. तिथं एक वाळलेलं, काळपट लाल ढेपूळ होतं, त्यात चिकटलेले दोन तांदूळ.

ते माझंच होतं. दसऱ्याला आम्ही औजारांची पूजा करतो. विळा, सुरी, शिलाई मशीन, फवारणीचा पंप, नितेशची मोटरसायकल, सगळं धुऊन मांडलं होतं. नितेशचे बाबा खाटेवरून म्हणाले होते, "अन् माह्या गिझरले काहून सोडलं? सगळ्यात जास्त तोच राबते." मी ओलं हळद-कुंकू घेऊन आत आले. टिळा कुठं लावावा म्हणून पाहिलं. एवढ्या गोल पोटावर कपाळासारखी जागा एकच होती, ती बत्ती. तिच्यावर मी बोटभर जाड टिळा लावला, अक्षता दाबल्या आणि हात जोडले. ते बाहेरून हसत होते.

त्या दिवसापासून त्याचा डोळा झाकलेला होता. माझ्या बोटानं.

मी नखानं खरवडणार होते. मग थांबले. बटनही बंद केलं नाही. ते खाटेमागं होतं, चालू. जसं होतं तसं ठेवलं आणि कडी घातली. हे नुसतं माझ्या तोंडून ऐकून कोणाला पटलं नसतं आणि तसं पटलेलं मला नकोही होतं. त्यांनी हात लावायला हवा होता, मी लावला तसा.

दुसऱ्या दिवशी चारच्या बसनं नितेश आणि प्राजक्ता आले. मी काही बोलले नाही, चहा केला. पाचला नीलम आली. तिला सुटी पूर्ण घालवता आली नव्हती, सकाळीच दवाखान्यातून फोन आला होता म्हणून ती थेट ड्यूटी करूनच आली होती. चेहरा उतरलेला. ती पायऱ्यांकडे वळली तशी मी म्हटलं, "थांब. नितेश, तूही ये. अन् गंगूबाई, तू पन ये वं, त्या दिवशी ऐकलं त आता पाहून घे."

"काय दाखवतं?" गंगूबाई पदराला हात पुसत आली. "साप निंघाला का?"

मी कडी काढली. सगळे त्या एवढ्याशा जागेत मावत नव्हते, प्राजक्ता दारातच राहिली. नितेशनं गिझरकडे पाहिलं. "आई, मी पाह्यलं होतं ना. बत्ती बंद हाय."

"बत्ती पाह्यली," मी म्हटलं. "हात लावला काय?"

त्यानं हात लावला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. आधी काही नाही. मग त्याचं तोंड लहानपणी व्हायचं तसं झालं. दुसराही हात त्यानं लावला.

"चालू हाय," तो म्हणाला. आवाज दबलेला, देवळात बोलतात तसा. "आई, हे चालू हाय. बाबा गेल्यापासून?"

मी नखानं टिळा खरवडला. कुंकवाची खपली निघाली, दोन तांदूळ खाली पडले आणि आतून लाल उजेड आला. गंगूबाई "अगं बाई" म्हणाली आणि तिनं चक्क हात जोडले.

"दसऱ्याचा टिळा हाय," मी म्हटलं. "मीच लावला होता. अन् रॉडचं बोलनंही माह्यंच होतं. वाफ पाह्यली होती मी, रॉड नव्हता पाह्यला."

नीलम पुढं झाली. तिनं मनगटाची आतली बाजू गिझरला लावली, बाळाच्या पाण्याची ऊब पाहतात तशी, आणि डोळे मिटून थोडा वेळ तशीच राहिली.

"पन वापरत त कोनी नव्हतं," नितेश म्हणाला. "न वापरता कशी वीज जाईन?"

"दादा, आमच्याकडे दिवस भरायच्या आधी झालेलं लेकरू असते ना," नीलम म्हणाली, "ते काही करत नाही. हलत नाही, रडत नाही. तरी त्याले पेटीत ऊब द्यावी लागते. काहून? ते नुसतं पडल्या पडल्या गार होते. पान्याचंही तेच. गरम ठेवाचं म्हणजे घडीघडी द्यावंच लागते." मग तिनं हात काढला. "हे तुमच्या बाबांसाठी जागंच होतं. अन् चोर मी झाली."

नितेशनं मान खाली घातली. "चुकलं माह्यं."

"इथं नाही," ती म्हणाली. "इथं त आपन चौघं-पाच हावो. चोर तुमी ओट्यावर म्हटलं होतं."

नितेश घरातून आरपार चालत पुढच्या ओट्यावर गेला, आणि आम्ही मागोमाग. संध्याकाळच्या वेळी समोर तीन-चार माणसं होती, दूधवाला होता, गंगूबाईचा नवरा सहदेव बिडी ओढत बसला होता. नितेश पायरीवर उभा राहिला. जिथं नीलम त्या दिवशी उभी होती, त्याच पायरीवर.

"सहदेवभाऊ," तो म्हणाला, नको इतक्या मोठ्यानं. "त्या दिवशी मी हिले चोर म्हटलं होतं. चोरी-बिरी काही नव्हती. बाबांचं गिझर चालू राहून गेलं होतं आमच्याच घरात. माह्यी चूक हाय."

सहदेवनं बिडी तोंडातून काढली. "रामरावचं गिझर? अजून?" दूधवाल्यानं मापातलं दूध ओतायचं थांबवलं होतं, ते त्यानं मग ओतलं.

मी वळून पाहिलं तर नीलम तिथं नव्हती. मागं गेले. ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली होती. खाटेशेजारचं तांब्याचं गंगाळ तिनं ओढून घेतलं होतं, नितेशच्या बाबांचं, आणि ते नळाखाली भरत होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती. थोडं गार पाणी तिनं वरून घातलं, साडी पोटरीपर्यंत घेतली आणि दोन्ही पाय आत सोडले.

"सकाळपासून उभी होती," ती म्हणाली, माझ्याकडे न पाहता. "दोन बाळंतपनं. पाय भरून आले."

त्या गंगाळाला आमच्या घराबाहेरच्या माणसाचा पाय कधी लागला नव्हता. हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक असावं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. मी तांब्या घेतला, नळाखाली भरला आणि तिच्या घोट्यांवर ओतला. सहा महिने राखलेलं पाणी माणसाच्या अंगावरून वाहून मोरीत गेलं.

गिझर पुन्हा बोलू लागला. गार पाणी आत शिरलं होतं, तो ते तापवत होता. आम्ही दोघी ऐकत बसलो. अंगणात सावल्या लांबल्या होत्या आणि बत्तीचा लाल उजेड तिच्या पाण्यात हलत होता.

"लय भारी हाय हो हे," ती हळू म्हणाली. "कोनी सांगलं नाही तरी."

"बंद करू आता?"

"पाय निघू द्या आधी."

पाणी कोमट झालं तसे तिनं पाय काढले. मी खाटेमागं हात घालून बटन चाचपलं आणि दाबलं. बत्ती गेली. आवाज तुटला. मी गिझरच्या पोटावर हात ठेवला. आत अजून ऊब होती. ती उद्या सकाळपर्यंत राहील, मग दुपारी कमी होईल, आणि या वेळी तिला कोणी परत भरणार नाही. तो हात मी बराच वेळ तिथं ठेवला.

नीलम उठली. साडीनं पाय पुसले आणि ओला हात माझ्यापुढं धरला.

"वर जाते. चावी द्या."

"महिनाअखेरचं काय?"

"ते दादानं सांगलं होतं. मी कुठं हो म्हटलं?" ती म्हणाली. "वेगळं मीटर लावा म्हणा माह्या खोलीले. माह्यं मी पाहीन, तुमचं तुमी पाहा. इंग्रजी आकडे येतात आता तुमाले."

पदराच्या गाठीतली चावी मी सोडली. गाठ घट्ट बसली होती, थोडा वेळ लागला. ती हात पुढं धरून उभी राहिली.